कुलपाचा शॉट

फिल्म संपली, खिडक्यांवर लावलेल्या सतरंज्या मुलांनी ओढून काढल्या, आणि प्रभाकरराव प्रोजेक्टरची वायर गुंडाळत असताना आठवीतल्या आचलने हात वर केला. केळझरच्या त्या शाळेत ते दर शनिवारी दीड तास घेत. वेळापत्रकात त्या तासाला नाव नव्हतं, मुलं त्याला पिच्चरचा तास म्हणत. वर्षभर त्यांनी मुलांना दुसऱ्यांच्या फिल्म दाखवल्या होत्या, मुंग्यांच्या, नदीच्या, वीटभट्टीच्या, आणि एक सवय लावली होती: आवडलं की नाही ते सांगायचं नाही, काय दिसलं ते सांगायचं. आज पहिल्यांदाच त्यांनी स्वतःची फिल्म लावली होती. बावीस वर्षांपूर्वीची, पंचावन्न मिनिटांची. वडनेरच्या पुढे वाघधरी नावाचं गाव होतं, ते धरणाच्या तलावात गेलं, त्याची. आचल उभी राहिली आणि पाठ केल्यासारखी नव्हे, मोजल्यासारखी बोलली. "सर, त्या बाईनं सुरुवातीले सांगतलं का आमचं दार पूर्वेले हाय. मंग ते कुलूप लावते तवा खाली लिहून येते, सकाळी सात. सकाळी सातले पूर्वेच्या दारावर ऊन पाह्यजे न? दार तं सावलीत हाय. घराचीच सावली अंगणात पडली, पार तुळशीच्या पुढे." प्रभाकररावांच्या हातातली वायर तशीच राहिली. बरोबर पाहिलंस, असं ते म्हणाले, आणि तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण वर्ग वाट पाहत होता, म्हणून ते पुढे म्हणाले, "त्या दिवशी ढग असतील." मागच्या बाकावरून एक मुलगा शेजाऱ्याला हळू म्हणाला, "ढग असते तं सावली कुठून पडली असती बे?" सगळा वर्ग हसला. प्रभाकररावही हसले. मग घंटा झाली.

वर्ध्याच्या बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. सेलूच्या पुढे हरभरा काढून झालेली शेतं लागली, मोकळी, करडी. साडेचार वाजले होते आणि त्यांच्या नकळत ते बाहेरच्या प्रत्येक घराचं दार कुठल्या दिशेला आहे आणि ऊन कुठून पडलं आहे ते पाहत होते. बावीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पुण्यात, कोचीत, दिल्लीत, लहान हॉलमध्ये आणि मोठ्या हॉलमध्ये ही फिल्म दाखवून झाली होती, तिच्यावर लोकांनी लेख लिहिले होते, एका जाणत्या माणसाने तर त्या शॉटमधल्या कोवळ्या सकाळच्या उजेडावर अर्धं पान खर्च केलं होतं. कौलांच्या मागून येणारा सोनेरी उजेड, पुढे काळसर दार, दाराशी पाठमोरी नऊवारीतली बाई, तिचा उजवा हात कुलपावर. जयवंताबाई. पुढे तोच फोटो पोस्टरवर आला. विदर्भात कुठेही गाव उठवायची वेळ आली की मोर्चात कुणाच्या तरी हातात तो असायचा. कार्यकर्ते तिला कुलूपवाली बाई म्हणत, आदराने म्हणत. त्यांनीही म्हटलं होतं, भाषणांमध्ये. आणि ते ज्या संस्थेत दहा वर्षं डॉक्युमेंट्री शिकवत होते तिथे पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना सांगत असत की माणूस एकदा दारातून बाहेर पडला की त्याला पुन्हा आत जाऊन बाहेर यायला सांगायचं नाही. सुटलं ते सुटलं. हे सांगताना त्यांना आपला तो शॉट कधी आठवला नव्हता. आठवून त्यांनी दडवला होता असंही नाही. त्यांच्या मनात तो खरोखरच सकाळचा झाला होता. सकाळी सातला ती निघाली होतीच. त्यांच्या डोळ्यांसमोर निघाली होती. फक्त कॅमेऱ्यातली टेप संपली होती, दुसरी घालेपर्यंत दीड मिनिट गेलं, आणि त्या दीड मिनिटात बाई घरातून बाहेर पडून ट्रकमध्ये जाऊन बसली. संध्याकाळी त्यांनी तिला तात्पुरत्या टिनाच्या शेडमधून जीपमध्ये घेऊन परत गावात नेलं. रस्त्यात आडव्या लावलेल्या बांबूजवळचा शिपाई ओळखीचा झाला होता, अर्धा तास म्हणाला. जे घडलं तेच पुन्हा केलं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं असावं. सांगितलंही नसेल. तिशी संपून चाळिशी लागलेली, तीन महिने गावात काढलेले, आणि फिल्मला शेवट नव्हता.

बोरगाव मेघेतल्या घरी त्यांच्याकडे टेपांचं लोखंडी कपाट होतं. डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा म्हणून मुलगी पुण्याहून आली की ती खोली बंद ठेवायला लावायची. वाघधरीच्या चौतीस टेपा एका बुटाच्या खोक्यात होत्या आणि त्यांच्यावर त्यांच्याच बारीक अक्षरात आकडे. रविवारी सकाळी ते एकतीस नंबरची टेप घेऊन स्वप्निलच्या स्टुडिओत गेले. स्वप्निल लग्नांचं शूटिंग करायचा, गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं, आणि त्याच्याकडे जुनी टेप चालवणारं यंत्र अजून होतं. लोकं बायकोसोबत भांडण झालं का लग्नाची टेप घेऊन येतेत काका, म्हणून नाई फेकली मशीन, असं तो म्हणाला. त्याने टेप लावली, कॉम्प्युटरला जोडली, आणि चहा सांगायला गेला. पडद्यावर आधी निळं, मग हलणारं काहीतरी, जीपचा पत्रा, कुणाचा तरी गुडघा, मग ते अंगण. प्रभाकररावांना आधी स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. तो पातळ आणि घाईचा होता. "बाई, आता दार ओढून घ्या आणि हे कुलूप लावा." चित्रात जयवंताबाई उभी होती, छप्पन-सत्तावन्नची, पदर कमरेला खोचलेला. तिने कुलपाकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला, म्हणजे त्यांच्याकडे. "कुलूप नाई लावत भाऊ आमच्यात. उघडं ठेवतेत." त्यावर तो पातळ आवाज लगेच म्हणाला, "फक्त दिसण्यापुरतं, बाई. झालं की मी काढतो." बाई काही वेळ तशीच उभी राहिली. फिल्मच्या हिशोबात तो वेळ फार मोठा होता, अकरा सेकंद. मग बरं म्हणाली. मग ती वाकली, एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला, दाराच्या खालून काहीतरी सरकवलं, आणि दोन्ही फळ्या ओढून घेतल्या. हे वाकणं त्यांनी फिल्ममध्ये ठेवलं नव्हतं. त्यामुळे शॉट लांबत होता. एकदा कुलूप लावून झाल्यावर आवाज म्हणाला, एकदा अजून, हळू. चित्राच्या कडेने आलेल्या हातातून किल्ली घेऊन तिने काढलं, किल्ली परत दिली आणि पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. मग कॅमेरामन म्हणाला की उजेड जातोय, चित्र जमिनीकडे गेलं, चपला दिसल्या, जीपचं दार आपटल्याचा आवाज झाला, आणि पुन्हा निळं.

चहा घेऊन स्वप्निल आला तेव्हा ते टेप मागे नेऊन शेवट पुन्हा पाहत होते. काय शोधता, असं त्याने विचारलं. काही नाही, म्हणाले. ते कुलूप निघाल्याचा आवाज शोधत होते. टेप बंद झाल्यावरही कुणी कुलूप काढू शकतं, हे त्यांना कळत होतं. टेपवर नसलेल्या गोष्टीही होत असतात, हे त्यांनीच शिकवलेलं. तिसऱ्यांदा ती टेप पाहताना त्यांना पुण्यातलं एक दुकान आठवलं. मंडईजवळचं, अरुंद, वरपर्यंत कड्या, बिजागऱ्या आणि साखळ्या टांगलेलं. फिल्मच्या एडिटिंगसाठी पुण्याला गेल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी तिथून कॅमेऱ्याच्या पेटीसाठी एक नवीन कुलूप घेतलं होतं. दुकानदाराने जुनं हरवलं का म्हणून विचारलं, आणि ते हो म्हणाले होते. हे सगळं इतकं स्पष्ट आठवलं की त्यांनी चहा खाली ठेवला. वाघधरीच्या दाराला लावलेलं कुलूप त्यांच्या पेटीचं होतं. ते त्यांनी काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडचा रस्ता खणून टाकला, ते हिंगणघाटच्या लॉजमधून सामान उचलून पुण्याला गेले, आणि पाणी जुलैत चढलं. दोन महिने ते कुलूप तिथे लटकत होतं. किल्ली त्यांच्या खिशात असणार. ती कुठे गेली हे मात्र आठवेना, आणि तिचा आता उपयोगही नव्हता.

सोमवारी मधुकररावांचा फोन आला. म्हणजे आधी प्रभाकररावांनीच केला होता, तो लागला नव्हता, म्हणून मधुकररावांनी उलट केला. मधुकरराव पंच्याऐंशीचे, वाघधरीच्या लोकांना घेऊन लढणारे, अजूनही तारखेला कोर्टात काठी टेकत जाणारे. नोटिशीत दिलेल्या तारखेच्या आधीच लोकांना उठवलं, हे वाघधरीकरांचं म्हणणं होतं, आणि प्रभाकररावांची फिल्म त्या प्रकरणात पुरावा म्हणून लावलेली होती. प्रभाकररावांनी सगळं सांगितलं.  मग मधुकररावांनी शांतपणे समजावलं, जसं ते सभेत समजावत. शॉट संध्याकाळचा असो की सकाळचा, तारीख तर तीच आहे. पण समोरचा वकील तारीख पाहणार नाही, एवढंच पाहणार की फिल्मवाल्याने स्वतः सांगून करवून घेतलं, म्हणजे बाकीचंही करवून घेतलं असेल. एका मुलीने विचारलं म्हणून बावीस वर्षांचं काम उकलून ठेवायचं का? प्रभाकररावांनी विचारलं की मुलीला काय सांगू. "तिले सांग का तू हुशार हायस," मधुकरराव म्हणाले. "आणि गप बस."

गप बसायला हरकत नव्हती. फोन ठेवल्यावर ते अंगणात कढीलिंबाला पाणी घालत राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यांना टोचतं आहे ते सावलीचं नाही. सावलीची चूक फिल्मची चूक होती, ती मुलीला सांगून टाकता आली असती. टोचत होतं ते बाईचं वाक्य. कुलूप नाई लावत आमच्यात. तीन महिने ते त्या गावात राहिले, तिच्या हातची भाकर खाल्ली, आणि हे वाक्य त्यांनी ऐकलं आणि त्याचा अर्थ विचारला नाही. शहरातल्या माणसाला कुलूप म्हणजे काय ते ठाऊक असतं. घर सोडताना माणूस कुलूप लावतो. परत येता येणार नाही अशा घराला कुलूप लावणारी बाई म्हणजे त्यात सगळं आलं, असं त्यांना वाटलं होतं, आणि पाहणाऱ्यांनाही तसंच वाटलं. वाघधरीच्या लोकांना काय वाटलं हे त्यांनी पाहिलं नव्हतं. फिल्म तयार झाल्यावर टिनाच्या शेडपुढे एकदा पडदा लावला होता, सगळं गाव जमलं होतं, आणि पस्तिसाव्या मिनिटाला वीज गेली. तास-दीड तास वाट पाहून लोक उठले. पुन्हा दाखवतो, असं त्यांनी सांगितलं होतं. मग कोची आली, दिल्ली आली, मग कापसाच्या जिनिंगची फिल्म, मग रेतीची.

मंगळवारी ते हिंगणघाटवरून वडनेरला उतरले आणि ऑटोने नव्या वस्तीत गेले. सरळ रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट, मध्ये मध्ये शेणाच्या गोवऱ्यांच्या भिंती. वळणावर एक नवीन दुमजली घर पोपटी रंगात उभं होतं आणि पायरीवर एक म्हातारी सुपात तूर पाखडत होती. जयवंताबाईंचं घर कोणतं, असं त्यांनी विचारलं. जवळ खेळणाऱ्या पोरांपैकी एक म्हणालं, कुलूपवाली का, आणि दुसऱ्याने त्याला चापट मारली. म्हातारीने मान वर केली. ती सुलोचनाबाई होती, जयवंताबाईची धाकटी जाऊ, वाघधरीत त्याच कुलपाच्या घरात राहिलेली. तिने त्यांना ओळखलं, त्यांनी तिला ओळखलं नाही. बसा म्हणाली, पाणी दिलं, घर माझ्या अंकुशचं, येत्या रविवारी वास्तू आहे असं सांगितलं, आणि मग पाखडता पाखडता बाकीचंही सांगितलं, तक्रार म्हणून नाही, आता ती जुनी गोष्ट झाली आहे अशा आवाजात. घर कायमचं सोडताना त्यांच्याकडे दार उघडं ठेवतात. घरात वारलेले लोक मागे राहिलेले असतात, त्यांना आपल्या सवडीनं निघून नव्या घरी यायचं असतं. त्या दिवशी सगळ्या वाघधरीनं दारं उघडी ठेवली. आणि हिनं काय केलं, तर संध्याकाळी जीपमध्ये बसून परत गेली आणि कुलूप लावून आली. ते कळलं दोन-तीन वर्षांनी, कुणीतरी नागपूरहून सीडी आणली तेव्हा. "माह्ये सासरे आत राह्यले न भाऊ," सुलोचनाबाई म्हणाली. "सासू राह्यली. माह्यं एक लेकरू गेलतं सहा महिन्याचं, ते राह्यलं. वर पाणी आलं." सूप थांबलं. मग तिने खडे वेचायला घेतले. वस्तीत नव्या घरात पहिलं दूध चुलीवर ठेवायचा मान सगळ्यात मोठ्या बाईचा. दहा वर्षांपासून वस्तीत सगळ्यात मोठी जयवंताबाईच. तिला कुणी बोलावलं नाही. भांडण काही नाही, बोलतो, हळदीकुंकवाला जातो. पण चुलीला बोलावत नाही. "तिनं कुलूप का लावलं हे कधी विचारलं का?" प्रभाकररावांनी विचारलं.  विचारलं होतं, म्हणाली. ती म्हणते, हात माझाच होता.

जयवंताबाई चार घरं पलीकडे राहत होती. पाठीतून वाकली होती, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पण आवाजावरून तिने लगेच ओळखलं आणि म्हणाली, पिच्चरवाले भाऊ, लठ्ठ झाले तुमी. त्यांनी खाटेवर बसून टेपबद्दल सांगितलं, पेटीबद्दल, पुण्यातल्या दुकानाबद्दल. सांगताना त्यांना वर्गात शिकवताना करत तसं एक एक पाऊल नीट मांडायचं होतं आणि ते जमलं नाही, मधेच शॉट, उजेड, शेवट असले शब्द येत राहिले. ती ऐकत होती. मग म्हणाली की तिला वाटलं होतं, काढलं असेल त्यांनी. जीपमध्ये बसल्यावर विचारावं असं तोंडाशी आलं होतं, पण ते पुढे बसले होते आणि कॅमेरामनचा हात धरून धरून त्याला काहीतरी सांगत होते, खुशीत होते. पाहुण्या माणसाला काय विचारायचं. मग सीडी आली, त्यात कुलूप दिसलं, उघडताना दिसलं नाही, तेव्हा समजून गेली. "लोकायले सांगितलं काऊन नाही?" हे विचारताना आपण तिच्या बोलीत बोललो हे त्यांना उशिरा कळलं. ती हसली. "सांगून कुलूप निघालं असतं का?" मग थोड्या वेळाने, त्यांनी विचारलं नव्हतं तरी, तिने त्या सकाळचं सांगितलं. घर झाडलं. चुलीतली राख काढून परसात टाकली. दोन्ही फळ्या पार मागे लोटल्या, आणि वाऱ्याने लागू नयेत म्हणून दोन्हीकडे एकेक दगड लावला, नाल्यातून आणलेला, गोल. मग निघाली, मागे पाहिलं नाही. प्रभाकररावांना ती संध्याकाळी दोनदा का वाकली होती ते कळलं. ते दगड लावणं आणि निघणं दीड मिनिटाच्या टेपमध्ये बसलं असतं.

अंकुशशी बोलणं सोपं नव्हतं. पन्नाशीचा, वडनेरला खतांचं दुकान, कोर्टातल्या प्रकरणात त्याचं नाव तिसरं. ते पूर्ण ऐकून घेऊन तो म्हणाला की काका, आमच्याजवळ दुसरं काहीच नाही, तुमचं पिच्चरच आहे. त्यांनी सांगितलं की चौतीसच्या चौतीस टेपा ते कोर्टात देणार आहेत, न कापलेल्या, सोबत आपल्या सहीचं निवेदन. ट्रक, पोलीस, तारीख लिहिलेली पाटी, सगळं त्यात आहे, आणि त्यात त्यांनी कुणाला काही करायला सांगितलेलं नाही. जिथे सांगितलं ते एकतीस नंबर, आणि तेही त्यात आहे. समोरचा वकील त्याचं काय करेल ते त्यांना माहीत नव्हतं. अंकुशने बराच वेळ रंगाचा डबा पायाने फिरवला. "मधुकररावले इचारलं का?" विचारलं, म्हणाले. ते नको म्हणतात. "मीबी नकोच म्हणलं असतं," अंकुश म्हणाला. मग तो आत आईकडे पाहून म्हणाला, रविवारी या. आधी आईले दाखवा. बाकी मंग पाहू.

मधल्या शनिवारी केळझरच्या वर्गात त्यांनी आचलला उभं केलं आणि सांगितलं की ढग नव्हते, संध्याकाळ होती, आणि कुलूप लावायला त्यांनीच सांगितलं होतं. मुलं एकमेकांकडे पाहू लागली, कारण मोठी माणसं असं सांगत नाहीत. आचलने विचार करून विचारलं की मग खाली संध्याकाळ असं का नाही लिहिलं, तेवढंच तर लिहायचं होतं. प्रभाकररावांनी खडू हातात घेतला आणि ठेवला. "सकाळचं माझ्याकडून राहून गेलं होतं," ते म्हणाले, "आणि ते मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं." ती खाली बसली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. हे लिहून घ्यायचं नव्हतं असं त्यांना वाटलं, पण त्यांनी अडवलं नाही.

रविवारी पूजा साडेदहाला आटोपली. भटजींना जेवायला अजून वेळ होता, मागच्या अंगणात मांडवाखाली भाताचं आधण होतं, आणि नव्या स्वयंपाकघरात विटांची चूल मांडून ठेवली होती. गॅस होता, पण पहिलं दूध चुलीवरच. अंकुशने पुढच्या खोलीत टीव्ही भिंतीला लावलेला होता, त्याला प्रभाकररावांनी आणलेला पेनड्राइव्ह लागला. जयवंताबाई आली होती, दाराशी भिंतीला टेकून बसली होती, जशी ती अशा वेळी बसत असे, कामाच्या बायकांच्या वाटेत येणार नाही अशी. प्रभाकररावांनी त्याआधी तिला विचारलं होतं, दाखवू का. दाखवा नाहीतं नका दाखवू, ती म्हणाली होती, माह्यं काय अडलं. काय दाखवणार आहेत ते त्यांनी उभं राहून तीन वाक्यांत सांगितलं, कुलूप माझं होतं, लावायला मी सांगितलं, काढतो म्हणालो आणि काढलं नाही. आणि बटण दाबलं. वीस-बावीस बायका आणि दाराशी काही पुरुष होते. टीव्ही मोठा होता, त्यामुळे ते अंगण खोलीत आल्यासारखं झालं. एक-दोघी म्हणाल्या, आपली तुळस, मागं हिरामणचं घर दिसून राह्यलं. मग तो पातळ आवाज आला, आणि त्यावर जयवंताबाईचा. कुलूप नाई लावत भाऊ आमच्यात. उघडं ठेवतेत. प्रभाकरराव पडद्याकडे पाहत नव्हते, सुलोचनाबाईकडे पाहत होते, आणि अकरा सेकंद तिचा चेहरा अजिबात हलला नाही. दाराशी एक पोरगा मोबाईलवर पडद्याचं शूटिंग करत होता. अंकुशने त्याच्याकडे पाहिलं, मग प्रभाकररावांकडे. करू दे, असं त्यांनी मान हलवून सांगितलं. ते आज संध्याकाळपर्यंत कुठे कुठे जाईल आणि त्याखाली काय लिहिलेलं असेल, हे त्यांना जवळपास शब्दशः माहीत होतं. तिसऱ्यांदा कुलूप लागलं, जीपचं दार आपटलं, पडदा निळा झाला.

 मागच्या मांडवातून आचाऱ्याने हळद मागितल्याचं ऐकू आलं. सुलोचनाबाई म्हणाली, "म्हणजे उघडलंच नाई तुमी." तो प्रश्न नव्हता, तरी प्रभाकरराव नाही म्हणाले. "आणि आमी तिले बोल लावत बसलो." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, तिला वेळ लागला, बायकांमधून वाट काढत दाराशी गेली आणि मोठ्या जावेपुढे उभी राहिली. माफीचं काही बोलली नाही. त्या घरात तशी पद्धत नसावी, किंवा तेवढं जवळचं नातं होतं. "चाला बाई," म्हणाली. "दूध तसंच राह्यलं. तुमीच ठेवा." जयवंताबाई लगेच उठली नाही. "माह्या हातानं चालते का?" तिने विचारलं, खोलीला ऐकू जाईल असं. "सासरे आत हायत अजून."  "असतीन," सुलोचनाबाई म्हणाली. "मंग त्यायले आवाज द्या. तुमचाच आवाज ओळखत होते, माह्याले कधी ओ नाई दिली." दोघी-तिघी हसल्या, तोंडावर पदर धरून. जयवंताबाईने डोकं फिरवून ज्या बाजूला प्रभाकरराव होते असं तिला वाटलं त्या बाजूला विचारलं, "भाऊ, मशीन आणली का तुमी?" कॅमेरा नाही आणला, असं ते म्हणाले. "बरं केलं," ती म्हणाली, आणि जावेच्या खांद्यावर हात टाकून उठली. बायका त्यांच्यामागून स्वयंपाकघरात गेल्या, दार भरून गेलं. आतून काटक्या मोडल्याचा आवाज आला, कुणीतरी फुंकणी मागितली, आणि मग जयवंताबाईचा आवाज, बारीक पण खणखणीत, एकेक नाव घेत. पहिलं नाव सासऱ्यांचं होतं. आयुष्यात याआधी ते तिने तोंडाने घेतलं नसेल. शेवटचं नाव कळलं नाही. सहा महिन्यांच्या मुलाचं नाव ठेवलेलं होतं की नाही, हे त्यांनी विचारलं नव्हतं. जिथे उभे होते तिथून प्रभाकररावांना चूल दिसत नव्हती. डावीकडे दोन पावलं सरकलं असतं तर दिसली असती. ते सरकले नाहीत.